नऊ हजारांच्या आत

"घेते की," तो म्हणाला. पण म्हणण्याआधी किंचित थांबला.

तिने विचारलं होतं एवढंच, की तुमची चिप नऊ हजारांचं पॅकेट घेते ना? सकाळची वेळ, स्वयंपाकघरातलं छोटं टेबल, मध्ये चहाची किटली. तो पावाला लोणी लावत होता. सुरी पावाच्या मध्यावर थबकली, मग कडेपर्यंत गेली, आणि मग शब्द आला. दुसऱ्या कुणाला ते जाणवलंही नसतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस आकड्यांपाशी थांबल्याचं तिला आठवत नव्हतं. तो वाढदिवस विसरायचा, दुधाची पिशवी दुकानातच ठेवून यायचा, शेजाऱ्यांना भलत्याच नावाने हाक मारायचा. पण चिपमधल्या कुठल्याही कप्प्याचा आकार विचारा, आकडा असा बाहेर पडायचा की जणू जिभेवरच ठेवलेला होता. तिने कप उचलला. चहा निवला होता की तिचंच तोंड निवलं होतं कोण जाणे. तो पाव खात होता, नेहमीपेक्षा सावकाश, आणि खिडकीबाहेर बघत होता. बाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाळत होती. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दोघं एकाच कंपनीत. त्याचं काम चिप आखण्याचं, तिचं काम त्या चिपला कंप्युटरशी बोलतं करणारा प्रोग्रॅम लिहिण्याचं. त्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात, आणि सासूबाईंनी हा शब्द ऐकल्या दिवसापासून खालच्या मजल्यावरच्या बायकांना सून ड्रायव्हर असल्याचं सांगून टाकलं होतं. त्या बायका अधूनमधून जिन्यात विचारत, गाडी मोठी चालवता की लहान. आधी ती समजावून सांगायची. कंप्युटर एकमेकांना जे काही पाठवतात ते तुकड्यातुकड्यांनी, पॅकेटांनी. पॅकेट केवढं असावं हे वापरणारा ठरवू शकतो. फार लहान ठेवलं तर हेलपाटे वाढतात, फार मोठं केलं तर चिप ज्यावर बसवलेली असते त्या कार्डाला पेलत नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये दोन ओळी असतात, कमीत कमी एवढं आणि जास्तीत जास्त एवढं, आणि त्याबाहेरचा आकडा कुणी मागितला की नाही म्हणायचं. बायका माना डोलवायच्या आणि पुन्हा विचारायच्या, पण मग गाडी मोठी की लहान? हल्ली ती सरळ मोठी म्हणून सांगायची. तिच्या ड्रायव्हरमधल्या जास्तीत जास्तच्या ओळीत नऊ हजार होते. बहुतेक लोक पंधराशे बाइटांच्या पुढे जातच नाहीत. पण चिपच्या माहितीपत्रकात नऊ हजार छापले होते, आणि माहितीपत्रकाचं ते पान तिच्या नवऱ्याने लिहिलं होतं. ताडून पाहावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. घरचाच आकडा होता.

ऑफिसात जाताना बसमध्ये तो शेजारी बसला आणि डोळे मिटून घेतले. तेही रोजचंच. तरी आज त्या मिटलेल्या पापण्यांकडे ती पुन्हा पुन्हा बघत राहिली, दार लागलं आहे की नुसतं लोटलं आहे हे लांबून पाहावं तशी. तिला आदल्या दुपारचा फोन आठवत होता. जुने जमिनीचे नकाशे स्कॅन करून ठेवणारं एक ऑफिस होतं, तिथल्या बाईंचा. बाईंचा आवाज शांत आणि थोडा खट्याळ होता.

"मॅडम, आमच्याकडे कालवे निघायला लागले आहेत."

"म्हणजे?"

"कोरड्या माळावर निळ्या रेघा. बारीक, आखूड. आमच्या साहेबांनी तर एक पास करून टाकला. म्हणाले, खोदला असेल कुणीतरी. मी मूळ कागद काढून पाहिला, तर कागदावर काही नाही. स्कॅनरमध्ये पाहिलं, तिथेही नाही. पलीकडच्या खोलीतल्या मशीनवर जाईपर्यंत मधल्यामध्ये कालवा तयार होतो."

"केबल बदलून पाहिली?"

"केबल बदलली, मशीन बदललं, माणूससुद्धा बदलून पाहिला. आता तुमचं कार्ड तेवढं राहिलंय." मग बाईंच्या आवाजातला खट्याळपणा गेला. "हे बघा, या नकाशांवरून लोक बांधासाठी भांडतात. उद्या कुणाच्या जमिनीतून आपण फुकटचा कालवा काढून दिला, तर तो माणूस माझ्या दारात येऊन बसेल. तुमच्या नाही."

नकाशे मोठे म्हणून त्यांनी पॅकेटचा आकार नऊ हजारांवर नेऊन ठेवला होता. तुमच्याच पत्रकात लिहिलंय ना, बाई म्हणाल्या. हो, लिहिलंय, ती म्हणाली होती. आणि मग सकाळी, सहज, चहा पिता पिता तिने नवऱ्याला विचारलं होतं. सहज विचारलं होतं का? बसच्या खिडकीच्या काचेत तिला आपला चेहरा दिसत होता, त्यातून दुकानांच्या पाट्या सरकत होत्या. सहज काही विचारणं तिला जमत नाही असं तिची बहीण म्हणायची. एकदा सगळे जमले असताना बहीण एक लांबलचक गंमत सांगत होती, सगळे हसायच्या बेतात होते, आणि ही म्हणाली, मंगळवार नव्हता तो, बुधवार होता. बहीण हसत हसतच म्हणाली होती, तुला काही सांगायचं म्हणजे आधी पुरावे गोळा करून यावं लागतं बाई. सगळे हसले, तीही हसली. बुधवारच होता पण तो.

प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, पंख्यांचा एकसारखा घोंघाट, निळ्या-पिवळ्या केबलींचे गुंते. लग्नाआधी तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते इथेच. तो एका कार्डावर वाकून कसलीशी बारीक सुई टेकवून मोजत होता आणि श्वास रोखून उभा होता. तिने काहीतरी विचारलं तर बोट वर करून थांब म्हणाला. मग श्वास सोडून म्हणाला, "श्वासाने हात हलतो. आकडा चुकतो." एवढ्याशा गोष्टीवर माणूस आवडावा, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आता त्याच कोपऱ्यात बसून तिने दोन कंप्युटर जोडले आणि एकाकडून दुसऱ्याकडे नुसती शून्यांची पॅकेटं पाठवायला सुरुवात केली, प्रत्येक नऊ हजारांचं. एकेक करून पाठवली तेव्हा सगळी शून्यं सुखरूप पोचली. मग तिने ती एकामागोमाग एक, मध्ये श्वास घ्यायलाही जागा न ठेवता, अशी सोडली. चूक झाल्याचा एकही इशारा आला नाही. मोजणी बरोबर, ताळा पाहण्यासाठी पॅकेटबरोबर येणारी बेरीज बरोबर, सगळं हिरवं. फक्त शून्यांच्या शेपटाशी काही बाइट शून्य नव्हते.

ती बराच वेळ त्या बाइटांकडे बघत बसली. उकल आपोआप होत गेली, तिला फारसं काही करावंच लागलं नाही. चिपच्या मेमरीत पॅकेटांसाठी खण होते, एकाला लागून एक. पॅकेट आलं की चिप खणाच्या सुरुवातीला स्वतःसाठी छोटीशी नोंद करायची, केव्हा आलं, केवढं लांब, आणि मग त्यापुढे पॅकेट ठेवायची. खण नऊ हजारांच्या हिशेबानेच बेतलेले, नोंदीची जागा त्यात धरलेलीच नव्हती. म्हणजे मोठ्या पॅकेटचं शेपूट शेजारच्या खणात उतरायचं. शेजार रिकामा असला तर काही बिघडत नव्हतं. पण मागोमाग दुसरं पॅकेट आलं की त्याची नोंद नेमकी त्या शेपटावर पडायची. बेरीज आधीच तपासून झालेली असायची, पॅकेट आत शिरतानाच. त्यामुळे कुणालाच काही कळत नव्हतं. कोरड्या माळावरचे कालवे म्हणजे चिपने स्वतःशी केलेल्या नोंदी होत्या. सापडल्याचा आनंद तिला नेहमी पोटात जाणवायचा, जिना उतरताना एक पायरी चुकावी तसा. आज जाणवलं ते वेगळंच काहीतरी होतं. कारण असे खण आखणारा माणूस नोंदीची जागा विसरणं शक्य नव्हतं. श्वास रोखून मोजणारा माणूस हे विसरत नसतो.

त्या संध्याकाळी तिने विषय काढला नाही. जेवताना त्याने पाण्याचा नळ ठिबकतो म्हणून मध्येच उठून वायसर बदलला, मग कपाटाच्या दाराची बिजागरी घट्ट केली, मग आणखी काय सैल आहे ते शोधत घरभर फिरला. सासूबाई वाटाणे सोलत त्याच्याकडे बघत होत्या. तो दुसऱ्या खोलीत गेला तसं त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय झालंय याला?"

"कुठे काय, आई?"

"मला नको सांगू. लहानपणी काचेची बरणी फोडली होती, तर अख्ख्या घरातल्या खुर्च्यांचे पाय ठोकून काढले होते यानं." त्यांनी एक शेंग उघडली, आतला किडका दाणा बाजूला काढला. "खोटं कधी बोलला नाही हो. गप्प बसायचा. मला त्यापेक्षा खोटं परवडलं असतं. खोटं पकडता येतं तरी."

त्या वाक्याने ती अस्वस्थ झाली, आणि अस्वस्थ होऊन दुसऱ्याच गोष्टीपाशी पोचली. तो गप्प बसला खरा, पण कुणापाशी? वरच्या साहेबांपाशी बोलला असेल, बरोबरच्यांशी बोलला असेल. तिच्यापाशी मात्र नाही, जिला त्या आकड्याची ओळ लिहायची होती. शेजारी शेजारी निजत होते, एकाच्या कपातला उरलेला चहा दुसरा पीत होता, आणि त्याच्या डोक्यात खरा आकडा होता, तिच्या ओळीत खोटा. तिला राग यायला हवा होता. राग येत होताही, पण तो नीट धरता येत नव्हता. हातात घेतला की त्याचा बुधवार व्हायचा. आपण कशा दिसत असू, सांगायच्या आधी माणसाला पुरावे गोळा करायला लावणारी बायको?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती वरच्या मजल्यावर गेली. त्याच्या टेबलाभोवती कुणी नव्हतं. तो डबा उघडून बसला होता, खात नव्हता. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"नोंदीची जागा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. यावेळी थांबला नाही. "मेमरी कमी करा म्हणून वरून आलं होतं. खण बारीक झाले. मी सांगितलं तेव्हा साहेबांना, की आता नऊ हजार बसायचे नाहीत. ते म्हणाले, एवढी मोठी पाठवतंय कोण? पत्रक छापून झालंय. पुढच्या चिपमध्ये बघू." तो डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होता. "मलाही वाटलं, कोण पाठवतंय. मग विसरलो म्हणणार होतो, पण विसरलो नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

पलीकडे कुणाच्या तरी प्रिंटरमधून कागद येत होते, एकेक करून.

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस," तो म्हणाला. "तिथल्या तिथे. एकदा तू लिहिलंस की ते लिहिलेलं असतं. मग मला साहेबांच्या समोर उभं राहावं लागलं असतं, आणि घरी तुझ्यासमोर. मला दोन्हीकडे उभं राहायचं नव्हतं."

त्यात तक्रार नव्हती. सकाळी अमुक बस चुकली म्हणावं तशा आवाजात तो बोलला. तू भित्रा आहेस असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण तिला दिसत होती ती स्वतःच, हातात पेन घेऊन तयार बसलेली, समोरचा माणूस बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच लिहून मोकळी होणारी. "जेव," ती म्हणाली. "गार होतंय." आणि उठली.

तिच्या वरच्या मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना फक्त दिवस सुरळीत जायला हवे असत. "आकडा कमी कर ना मग, ताबडतोब कर," त्या म्हणाल्या. "पण कारण कशाला लिहायचं? मर्यादा सुधारली, एवढंच लिही. वरच्या मजल्यावर उगीच गवगवा नको. आणि तुला तर समजायला हवं, तुझं घर आहे त्यात."

"बाहेरचे तपासणारे कारण विचारतील, मॅडम." ड्रायव्हर कंपनीचा असला तरी तो सगळ्या जगासाठी उघडा होता, आणि बदल करायचा तर अनोळखी माणसं तो ओळ न ओळ वाचून, का, असं विचारत.

"विचारलं तर बघू."

"आणि ज्यांनी नऊ हजारांवर लावून ठेवलंय त्यांनी? त्यांना कळायला नको का, आधी आलेलं सगळं पुन्हा तपासायला हवं म्हणून?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "तू आणि तुझं खरं," त्या म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

बदल दोन ओळींचा होता, त्याखालचं कारण मात्र तिने पुन्हा पुन्हा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते बरोबर होतं आणि वाचताना बोचत होतं. माहितीपत्रकात चुकीचा आकडा दिला असल्याने. कुणी दिला हे कुणी विचारलं नसतं, पण ती ओळ एका माणसाकडे बोट करून उभी होती. तिने ती खोडली आणि फक्त चिप काय करते ते लिहिलं: खण केवढा, नोंद कुठे, शेपूट कुठे पडतं, कोणत्या वेळी, आणि ज्यांनी हा आकार वापरला त्यांनी आपली माहिती पुन्हा तपासावी. त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. तरी पाठवायच्या आधी तिचा हात थांबला. परवानगी मागायची नव्हती. न सांगताही पाठवायचं नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये काहीतरी असायला हवं आणि त्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. सुट्टीचा दिवस होता. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तिने त्याला हाक मारली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

तो उभ्या उभ्याच वाचू लागला. मग खुर्ची ओढून बसला. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं. ती त्याच्या कानामागच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की त्याने श्वास रोखला आहे.

"अजून चार कमी कर," तो म्हणाला.

"का?"

"नोंद वजा केलीस ती बरोबर. पण वाटेतली काही यंत्रं पॅकेटवर आपली पट्टी चिकटवतात. कुठल्या गटाचं आहे ते कळायला. चार बाइट. ते धरले नाहीस तर ज्यांच्याकडे पट्टी लागते त्यांचं शेपूट पुन्हा बाहेर पडेल."

तिने मनाशी हिशेब केला. तो म्हणत होता ते खरं होतं. तिने पट्टी धरलीच नव्हती. तिने चार कमी केले. म्हणजे खरा आकडा इतकी वर्षं त्याच्यापाशी शेवटच्या बाइटापर्यंत तयार होता. तो कुठेही न लिहिता त्याने सांभाळला होता, बरणीच्या काचा खिशात घेऊन फिरावं तसा. तिला एकाच वेळी त्याचा हात धरावासा वाटला आणि दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"खाली माझं नाव घाल," तो म्हणाला. "तपासलं म्हणून."

"तुला वरती बोलावतील."

"बोलावू देत."

"घाईनं नको ठरवू. मी उद्या पाठवीन हवं तर."

"नको. आत्ताच पाठव, मी इथे आहे तोवर." मग तो जरासं हसला. "घरात आता ठोकण्यासारखं काही उरलेलं नाही."

बोलावलंच. कुणी आवाज चढवला नाही, दार लावून पुष्कळ वेळ बोलले एवढंच. नव्या चिपच्या कामातून त्याला बाजूला केलं आणि कंपनीची सगळी जुनी माहितीपत्रकं पानन् पान तपासायचं काम दिलं. शिक्षा म्हणून दिलेलं काम तो इतक्या मन लावून करू लागला की देणाऱ्यांना काळजी वाटू लागली. बाहेरच्या तपासणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, हे चार कुठून आले, त्याला याने स्वतःच उत्तर लिहिलं. बदल सगळीकडे गेला. नकाशेवाल्या बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांच्याकडचं कार्ड आता नऊ हजार मागितले की सरळ नाही म्हणतं, आणि त्यांनी सगळे नकाशे पुन्हा मागवून घेतले आहेत. साहेबांनी पास केलेला कालवासुद्धा बुजवला. "साहेब रुसलेत," बाई म्हणाल्या. "म्हणतात, चांगला होता कालवा."

घरी मात्र लगेच काही बदललं नाही. तो पूर्वीइतकाच बोलायचा, म्हणजे कमीच. ती त्याच्या बोलण्यात मध्ये पडायची नाही असं ठरवायची आणि पडायची. फरक असला तर एवढाच की ती आता पडल्यावर ओशाळायची, आणि तो ते बघून वाट बघायचा. अशाच एका संध्याकाळी, उजेड असताना, दोघं गॅलरीत बसले होते. आत सासूबाईंचा रेडिओ चालू होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं आणि फेसाचं पाणी कडेकडेने वाहत चाललं होतं. तो ते बघत होता.

"आणखी एक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मला पोहता येत नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळे समुद्र आठवले. दरवर्षीच्या सुट्टीतले. ती पाण्यात जायची आणि तो वाळूत चपला आणि पिशव्या राखत बसायचा, पेपर वाचत. पाणी गार आहे म्हणायचा. ऊन फार आहे म्हणायचा. ती पाण्यातून हात हलवायची, तो पेपर हलवायचा. याला आपल्याबरोबर यायचं नसतं, असं तिने पुष्कळ वर्षांपूर्वीच मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्या ठरवण्यावर पुढे कितीतरी गोष्टी रचल्या होत्या. मग तेव्हाच का नाही, हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते तिने गिळले. शीक मग, हेही गिळलं. गाडी धुणाऱ्याने बादली उपडी केली.

"कुठवर चालतं तुला पाणी?" तिने विचारलं.

असं त्याला कुणी कधी विचारलं नसावं. तो उठून उभा राहिला, तळवा आडवा करून कमरेशी धरला आणि विचार करू लागला. मग हात हळूहळू खाली घेतला, मांडीच्या मध्यापर्यंत, आणखी थोडा, गुडघ्याच्या जरा वर.

"इथवर," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. तिने तेवढं पाणी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. लाटा तिथे पोचेपर्यंत फुटून गेलेल्या असतात, पायांत नुसता फेस येतो आणि जातो, आणि दोन माणसांना शेजारी शेजारी उभं राहायला तिथे पुष्कळ जागा असते.